मुक्या तंबोऱ्याला सत्त्याण्णव गुण

आधी एक कोडं घालते. आमच्या दुकानात दोन तंबोरे शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्हींचे भोपळे एकाच मळ्यातले, लाकूड एकाच ओंडक्याचं आणि घडवणारे हातही तेच. पहिला छेडला की खोलीभर आवाज घुमत राहतो. पुण्याहून आलेल्या एका गाणाऱ्या बाईंनी तो मांडीवर घेऊन डोळे मिटले, ते दहा मिनिटं उघडलेच नाहीत. दुसरा छेडला की ‘टंग्’ असा आवाज येतो आणि संपतो, डब्याच्या झाकणावर चमचा आपटावा तसा. आता एका फार हुशार यंत्राने दोघांची परीक्षा घेतली. जास्त गुण कुणाला?

पहिल्याला म्हणालात ना? मीही तेच म्हणाले असते. पहिल्याला एकतीस मिळाले आणि दुसऱ्याला सत्त्याण्णव.

मी तहसीन सतारमेकर. इयत्ता सातवी, मिरज. साल दोन हजार चव्वेचाळीस. आमच्या गल्लीत कित्येक पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. माझे अब्बा भोपळे निवडतात, कापतात, दांडी जोडतात. पण तंबोऱ्यात जीव घालते ती शमीम फुफू, म्हणजे अब्बांची मोठी बहीण. जीव घालते हे मी उगाच थाटात म्हणत नाहीये. नीट सांगते.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबकडीवर एक छोटी पट्टी बसवलेली असते. तिला घोडी म्हणतात. चारही तारा तिच्यावरून जातात. ही घोडी वरून सपाट दिसते, पण तशी नसते. फुफू कानशीने घासून तिला इतका बारीक उतार देते की तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र कळतो. तार थरथरली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा अलगद टेकते आणि आवाजाला झंकार येतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा आणि तो केसभर पुढे, केसभर मागे करत झंकार जिथे सगळ्यांत जास्त फुलतो ती जागा शोधायची. याला म्हणतात जवारी (तार आणि घोडी यांची अशी नेमकी जुळणी, की जिच्यामुळे तंबोरा गुंजतो). जवारी खोलली नाही, म्हणजे ही जुळणी केली नाही, तर तंबोरा मुका राहतो.

आता त्या यंत्राविषयी. ‘पेठवाट’ हे एक मोठं ऑनलाइन दुकान आहे. मी त्याच्याबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही, कारण ते यायच्या आधी आमचा तंबोरा घ्यायचा तर माणसाला मिरज गाठावी लागायची. आता आमचे तंबोरे तेजपूरला जातात, नैरोबीला जातात. उडत्या पेट्या (माल नेणारी छोटी, बिनचालक विमानं) रोज सकाळी आमच्या गच्चीवर उतरतात आणि कपडे वाळत घातले असतील तर कधी कधी तेही घेऊन जातात. अम्मीची एक ओढणी अशीच जालन्याला पोचली होती.

पेठवाटवर लाखो वस्तू विकायला येतात. त्या सगळ्या माणसांनी तपासायच्या म्हटलं तर माणसं पुरायची नाहीत. म्हणून त्यांनी ‘पारखी’ नावाचे यंत्रमानव नेमले. सांगलीच्या गोदामातला पारखी वाद्यं ऐकतो आणि शंभरपैकी गुण देतो. साठाच्या खाली गेलं की वाद्य परत. दोनदा परत आलं की ताकीद. तिसऱ्या वेळी पेठवाटवरचं दुकान कायमचं बंद.

फुफूचे दोन उत्तम तंबोरे असे परत आले होते. कारण म्हणून सोबत एकच ओळ, ‘आवाज सदोष’. कुठे सदोष, कसा सदोष, काही पत्ता नाही. विचारणा केली तर उत्तरादाखल पुन्हा तीच ओळ आली. 

मग फुफूने एक चलाखी केली. खरं तर ती सगळ्या गल्लीनेच केली होती. समोरच्या रहमत चाचांनी शोधून काढलं होतं, की जवारी न खोलता तंबोरा पाठवला तर पारखी एकदम खूश होतो. झालं! फुफू तंबोरे मुकेच पाठवायला लागली आणि सोबत चिठ्ठी, ‘घरी गेल्यावर जवारी खोलून घ्यावी.’

ही चूक फक्त आमच्या गल्लीतली माणसंच करू शकतात. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही जवारी ठाऊक असते, त्यामुळे जगात कुणाला ती खोलता येत नसेल हे फुफूच्या ध्यानातच आलं नाही. एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी वाचून तंबोरा सुताराकडे नेला. सुताराने घोडीला रंधा मारून ती पाटासारखी सपाट करून दिली. एका आजोबांनी तारा बदलल्या, मग खुंट्या बदलल्या, शेवटी पंख्याच्या आवाजामुळे ऐकू येत नसेल म्हणून पंखा बंद करून घामाघूम होऊन बसले. एकूण सात तंबोरे परत आले. परीक्षेत उत्तम गुण आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी, हे काय गौडबंगाल आहे ते पाहायला पेठवाटने कळवलं की पारखी स्वतः दुकानात येईल आणि दुकान ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणारी शेवटची परीक्षा गुरुवारी होईल.

‘दुकान बंद झालं तर कुपवाडच्या कारखान्यात जाईन,’ फुफू भेंडी चिरता चिरता म्हणाली. ‘औषधाच्या बाटल्यांची बुचं तपासायचं काम हाय. नाव देऊन आलेय.’

मला रडूच आलं. मे महिन्याच्या सुट्टीपासून फुफू मला जवारी शिकवत होती. गल्लीत तिच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही, हे रहमत चाचासुद्धा कबूल करतात, आणि ते सहसा काहीच कबूल करत नाहीत. तो कान बाटल्यांची बुचं तपासणार? आणि मग मला कोण शिकवणार?

गुरुवारी अकरा वाजता पारखी आला. स्टुलाएवढा उंच, खाली चार चाकं, दोन बाजूंना स्टीलच्या वाट्यांसारखे दोन कान आणि एक लांब हात, ज्याच्या टोकाला रबरी बोट. त्याच्याबरोबर पेठवाटच्या तोडकर मॅडम होत्या. मी त्यांना खडूस समजून बसले होते. पण त्यांनी दारात चपला काढल्या, फुफूला ‘शमीमताई, त्रास देतोय तुम्हाला’ म्हणाल्या आणि पाणी मागून घेतलं.

‘नमस्कार,’ पारखी म्हणाला. ‘कृपया वाद्य समोर ठेवावे.’

फुफूने क्षणभर दोन्ही तंबोऱ्यांकडे पाहिलं आणि मुका तंबोरा पुढे सरकवला. पारखीने रबरी बोटाने चारही तारा एकामागून एक छेडल्या. टंग्, टंग्, टंग्, टंग्.

‘सत्त्याण्णव. उत्तीर्ण.’

मी मनातल्या मनात उडी मारली. दुकान वाचलं! तोडकर मॅडमही खूश झाल्या. निकालाच्या डिजिटल पाटीवर सही करता करता त्या म्हणाल्या, ‘एक कळत नाही बघा, ताई. गुण इतके छान, मग लोक तंबोरे परत का पाठवतात?’

फुफूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून ‘नको, नको’ म्हणत होते. पण ती उठली, कपाटातून एक कागद काढून तिने मॅडमच्या हातात दिला. वर्ध्याच्या गार्गी नावाच्या मुलीचं पत्र होतं ते. मी ते पाहिलंच नव्हतं. मॅडमनी मोठ्याने वाचलं, ‘काकू, तुमचा तंबोरा माझ्या हातात वाजत नाही. आई म्हणते, महिनाभर सराव कर. मी केला. माझ्या बोटांतच काहीतरी कमी असेल. म्हणून परत पाठवते आहे.’

‘पोरीच्या बोटांत काय कमी न्हाई,’ फुफू म्हणाली. ‘तंबोरा मुका होता. मीच मुका ठेवला. तुमच्या यंत्राला तसाच आवडतो म्हणून. हा समोरचा पण मुकाच हाय.’

तोडकर मॅडमचं पेन हवेतच राहिलं. ‘ताई, तपासणीत फसवणूक केली तर आजच्या आज दुकान बंद, असा नियम आहे. माहीत आहे ना तुम्हाला?’

‘माहीत हाय. पण त्या पत्रानंतर मला झोप लागेना.’

मग फुफूने दुसरा तंबोरा घेतला, दोरा जागेवर आहे ना ते पाहिलं आणि तारा छेडल्या. खोली भरून गेली.

‘एकतीस,’ पारखी म्हणाला. ‘तार घासते. आवाजात परके कंपन आहे. अनुत्तीर्ण.’

‘बहिरा आहे हा!’ मी ओरडलेच. ‘याला काहीसुद्धा कळत नाही!’

‘माझे कान प्रमाणित आहेत,’ पारखी शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाचा मला आणखीच राग आला. म्हटलं, आता तुझी चांगली फजिती करते. मी फुफूला सांगितलं, ‘तू दोरा पाच वेगवेगळ्या जागी ठेव. प्रत्येक वेळी दहापैकी गुण दे, पण माझ्या कानात. त्यानंतर हा देईल. म्हणजे कळेल की हा वाटेल ते आकडे ठोकतो.’ फुफूला हे पोरकट वाटलं असावं, पण तिने दोरा सरकवला.

मी फरशीवर खडूने दोन रकाने आखले. पहिल्या जागी फुफूचे दोन, पारखीचे पंच्याण्णव. पुढच्या जागी फुफूचे चार, पारखीचे ऐंशी. मग सहा आणि त्रेसष्ट. आठ आणि चव्वेचाळीस. साडेनऊ आणि एकतीस.

मी फजिती करायला निघाले होते, आणि आकड्यांकडे पाहून माझीच फजिती झाली.

आमच्या वर्गात चंद्रहास नावाचा मुलगा आहे. मागच्या चाचणीत ‘चूक की बरोबर’ असे वीस प्रश्न होते. चंद्रहासचे वीसच्या वीस चुकले. आम्ही हसलो. पण आमच्या गणिताच्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी दहा-बारा बरोबर आले असते. सगळेच्या सगळे चुकवायचे असतील, तर सगळं यावं लागतं!’ मग कळलं, की त्याने सूचना उलटी वाचली होती. बरोबर वाक्याला फुली आणि चूक वाक्याला बरोबरची खूण.

‘फुफू,’ मी म्हणाले, ‘हा बहिरा नाहीये. बहिरा असता तर कधी तुझ्यासारखं बोलला असता, कधी तुझ्याविरुद्ध. याचा प्रत्येक आकडा तुझ्या बरोबर उलट चाललाय. म्हणजे जवारी किती खुलली ते याला तुझ्याइतकंच नेमकं ऐकू येतंय! फक्त तिला चांगलं म्हणायचं की वाईट, ते कुणीतरी याला उलटं सांगितलंय.’

फुफू उकिडवी बसून खडूचे आकडे वाचायला लागली. मॅडमही तिच्या शेजारी बसल्या.

मी पारखीला विचारलं, ‘दोष म्हणजे काय, हे तुला कुणी शिकवलं?’

‘नमुन्यांनी,’ तो म्हणाला. ‘मी चाळीस हजार वाद्यांचे आवाज ऐकले. प्रत्येकावर चिठ्ठी होती, चांगले किंवा सदोष. त्यांवरून मी नियम शोधला. यंत्रे अशीच शिकतात. याला प्रशिक्षण (उदाहरणे दाखवून यंत्राला तयार करणे) म्हणतात.’

‘त्यांत गिटारी किती होत्या?’

‘अडतीस हजार. बाकी व्हायोलिन आणि युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारी.’

‘आणि तंबोरे?’

पारखीच्या कानांच्या वाट्या थोड्या फिरल्या. ‘शून्य.’

तोडकर मॅडमनी कपाळावर हात मारला. ‘गिटारीत तार मधल्या पट्ट्यांना घासली की असाच झणझणाट होतो,’ त्या म्हणाल्या. ‘तिथे तो दोषच असतो. ते नमुने आम्हीच भरले. तंबोरा विकायला घेतला, पण तंबोरा म्हणजे काय ते बनवणाऱ्यांना विचारायचं आम्हाला सुचलं नाही.’

‘मला एक शंका आहे,’ पारखी म्हणाला. इतका वेळ तो नुसते निकाल देत होता, त्यामुळे आम्ही सगळे वळलो. ‘या तंबोऱ्याची एक तार पंचमाला लावलेली आहे, बाकीच्या षड्जाला. गंधाराला एकही तार लावलेली नाही. तरी मला गंधार ऐकू येतो. जो स्वर कुणी लावलाच नाही तो ऐकू आला, तर तो दोष धरावा, असा माझा नियम आहे.’

फुफूच्या हातातली कानस खाली पडली. ‘ह्याला गंधार ऐकू आला? अगं तहसीन, तुला कधी ऐकू आला?’

‘मागच्या महिन्यात,’ मी पुटपुटले. चार महिने लागले होते मला. तोही फुफूने ‘आता बघ, आता बघ’ करत बोट दाखवून ऐकवला तेव्हा.

‘त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो,’ फुफू पारखीला सांगायला लागली, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. ‘आपला आपण उमटणारा. तो आला की समजायचं, जवारी लागली. पण तो येतो कुठनं, ते मला विचारू नको. माझ्या अब्बांनाबी ठाऊक नव्हतं.’

‘ते मला ठाऊक आहे,’ पारखी म्हणाला. ‘पण त्याला मान असतो, हे ठाऊक नव्हते.’

मग त्याने जे सांगितलं ते आम्ही गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवर करून पाहिलं. तुम्हीही पाहा. दोरीचं एक टोक मॅडमनी धरलं, एक मी. सावकाश हलवली तेव्हा सगळी दोरी मिळून एकच फुगा झाला. जोरात हलवली तेव्हा मधला बिंदू स्थिर राहिला आणि दोन फुगे झाले. आणखी जोरात, तेव्हा तीन. मॅडमना धाप लागली म्हणून आम्ही तिथेच थांबलो. आता, दोरी एका वेळी यांतलं एकच करते, पण छेडलेली तार हे सगळं एकाच वेळी करते. ती अख्खी थरथरते आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरते. अख्ख्या तारेचा तो मूळ स्वर, षड्ज. भागांचे ते उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे बारीक, उंच स्वर). तीन भागांतून पंचम निघतो आणि पाच भागांतून गंधार. एरवी हे उपस्वर फार दुबळे असतात. पण तार घोडीच्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते तेव्हा मोठ्या थरथरीतली थोडी थोडी ताकद या बारीक थरथरींना मिळत राहते, आणि लपलेला गंधार मोठ्याने बोलायला लागतो. फुफूची कानस हेच काम करत होती. तिला कारण माहीत नव्हतं आणि पारखीला मोल माहीत नव्हतं.

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही सगळे मिळून पारखीला शिकवाल का? चांगल्या आणि वाईट जवारीचे नमुने द्याल?’

मला वाटलं, फुफू लगेच हो म्हणेल. तिने उलट विचारलं, ‘माझा कान त्याच्यात भरला, की मग माझी गरज काय उरली? उद्या तुमचाच कारखाना निघंल आणि जवारी करणारं यंत्र बसवाल. मग आम्ही परत बुचं तपासायला.’

मॅडमनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही, म्हणून त्या मला आवडल्या. त्या म्हणाल्या, ‘सगळं माझ्या हातात नाही. खोटं आश्वासन देणार नाही. पण जे मागायचं ते लिहून द्या. मी वरपर्यंत भांडते.’

मग आम्ही लिहायला बसलो. फुफू सांगत होती आणि अक्षर माझं. गल्लीने दिलेले नमुने फक्त पारखायला वापरायचे, जवारी करणारं यंत्र बनवायला नाही, आणि ते गल्लीच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. वाद्य परत पाठवलं तर नुसतं ‘सदोष’ लिहायचं नाही. काय ऐकू आलं ते आवाजासकट कळवायचं. कुणाचंही दुकान बंद करण्याआधी ते वाद्य बनवणाऱ्या माणसाने ऐकायचं. मॅडम म्हणाल्या, ‘आता तुमच्या बाजूनेही काही हवं.’ फुफूने मान खाली घालून लिहायला लावलं, की यापुढे एकही तंबोरा मुका जाणार नाही, आणि त्याच्यासोबत त्याचा आमच्या दुकानात भरलेला आवाज जाईल. म्हणजे घेणाऱ्याला घरी ताडून पाहता येईल आणि कुणाला आपल्या बोटांचा संशय यायला नको.

शेवटची मागणी माझी होती. पारखीच्या निकालाच्या पाटीवर दोनच चौकटी होत्या, उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. मी म्हटलं, तिसरी पाहिजे. ‘माहीत नाही.’ शाळेत आम्हाला ही चौकट मिळत नाही, निदान यंत्राला तरी मिळू दे.

निकाल सोमवारी आला. आमच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. दुकान बंद झालं नाही. पण फसवणुकीबद्दल पंधरा दिवस विक्री थांबवली होती आणि परत आलेल्या सातही तंबोऱ्यांची जवारी खोलून ते ज्याचे त्याला पाठवायचे होते. अब्बांना ते कडक वाटलं. फुफू म्हणाली, ‘बरोबर हाय.’ आणि सगळ्यांत आधी तिने वर्ध्याचा तंबोरा काढला. गार्गीचा सूर विचारून घेतला, तंबोरा त्याच सुरात मिळवला आणि चिठ्ठीत स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बेटा, चूक माझी होती.’

ते पंधरा दिवस आमच्या दुकानात शाळाच भरली. गल्लीतला प्रत्येक कारागीर आपापला तंबोरा घेऊन यायचा. पारखी ऐकायचा, फुफू चिठ्ठी लावायची. चौथ्या दिवशी भांडण झालं. फुफूने एका तंबोऱ्याला ‘उत्तम’ म्हटलं आणि रहमत चाचा म्हणाले, ‘झंकार फार झाला, भुंगा शिरल्यासारखा वाटतोय.’ दोघं हट्टाला पेटली. पारखी एकदा इकडे, एकदा तिकडे कान फिरवत होता. शेवटी त्याने विचारलं, ‘मी कोणाचे खरे मानू?’

‘दोघांचंही,’ मी म्हणाले. ‘हा दोष नाही, आवड आहे. तू फक्त झंकार किती आहे ते सांग. कुणाला किती हवा ते घेणारा ठरवेल.’ तेव्हापासून पेठवाटवर तंबोऱ्यापुढे गुणांबरोबर ‘झंकार मंद’ किंवा ‘झंकार भरपूर’ असं लिहून येतं. चाचांचे तंबोरे मंदवाल्यांकडे जातात, फुफूचे भरपूरवाल्यांकडे. तरी ती दोघं भांडतातच, ते सोडा.

कुपवाडच्या यादीतून फुफूने नाव काढून घेतलं. माझा पहिला तंबोरा पारखीने ऐकला तेव्हा त्याने चौपन्न गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘तिसऱ्या तारेखाली उतार कमी आहे. स्वयंभू गंधार अर्धवट.’ मी रुसले. फुफूने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, ‘खरं सांगतोय तो. घास.’

परवा सांगलीच्या गोदामात सोलापूरहून एक छोटी पेटी आली. आत सुंदरी होती. सनईची लहान बहीण समजा, वीतभर लांबीची, आवाज मात्र बारीक आणि धारदार. तिच्याबद्दल पारखीने जो निकाल दिला, तो तोडकर मॅडमनी आम्हाला मुद्दाम पाठवला. गुणांची जागा कोरी होती. तिसऱ्या चौकटीत खूण होती आणि खाली पारखीने लिहिलं होतं, ‘असा आवाज मला अजून कोणी शिकवलेला नाही. माझे अज्ञान हा वाद्याचा दोष धरू नये. बनवणाऱ्याला बोलवावे.’

फुफूने तो कागद तीनदा वाचला. मग भुशाने माखलेले हात पदराला पुसले आणि अब्बांना हाक मारून म्हणाली, ‘बघ रे, माझा शागीर्द काय लिहितोय!’